परक्याने दिलेले पाणी
(मंदिर जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



मंदिराचा जीर्णोद्धार पुरा झाला की देणगीदारांच्या नावांची शिळा बसते. ही चाल आजची नव्हे. जुन्नरच्या भोवतालच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले जे लेख आहेत, ते बहुतेक असल्याच दानांचे. सुमारे १८०० ते २००० वर्षांपूर्वीचा तो काळ. नाणेघाटाने कोकणच्या बंदरांवरचा माल वर येई आणि जुन्नरची पेठ भरभराटीला आलेली होती. बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींची नावे त्या लेखांत सापडतात. पण त्यांतला एक लेख गावच्या पोरासोरांनाही ठाऊक असावा असा आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन टाकी, दान केली, एवढेच तो सांगतो. चिट नावाच्या दुसऱ्या एका यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक किंवा तिकडचा म्हणून ओळखला जाणारा परका मनुष्य. ज्यांचा देश वेगळा, बोली वेगळी, त्यांनी या डोंगरात पाण्याची आणि जेवणाची सोय केली.

दानाइतकेच मोल श्रमाचे आहे, हे आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांना शिकवावे लागत नाही. तिकडे पडकई आहे. एकाच्या डोंगरउतारावर भाताचे खाचर पाडायचे तर पाड्यातली माणसे मिळून जातात, दगड उचलतात, बांध घालतात, माती सारखी करतात. मग पाळी दुसऱ्याची. एकट्या कुटुंबाला जन्मभर न होणारे काम अशा हातांनी होते. डिंभे धरणाने ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांना या पद्धतीचा मोठा आधार झाला. या भागात काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. शिळेवर मात्र पडकईला गेलेल्यांची नावे कधी येत नाहीत. दोष कुणाचा नाही, रकमेचा आकडा लिहिणे सोपे असते इतकेच. तरी मंदिराच्या कामात ज्यांनी दगड वाहिले, कामकऱ्यांना भाकरी पोचवली, त्यांच्यासाठी त्या शिळेवर एक ओळ राखून ठेवायला हरकत नसावी.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराखाली गेले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. गाव जागेवर नाही हे एका एस.टी. चालकाने पाहिले आणि खबर दिली. बस हाकणे त्याचे काम; पुढचे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. अशा वेळी माणूस धावतो, ही समाधानाची गोष्ट. खरी कसोटी साध्या दिवसांची असते.

दिवाळीनंतर विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांची धुराडी पेटतात. बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि शिवारात पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत आईबाप फडात, पोरे कोपीपाशी, आणि याच उसात बिबट्याचा वावर! गावकरी रात्री पोरांना एकटे बाहेर सोडीत नाहीत. कोपीतल्या पोराला दार नाही, दिवाही नाही. या मंडळींना विहिरीवर ‘कुठले तुम्ही?’ असे विचारले जाते. चौकशी वाईट नाही, पण तिचा सूर तहानलेल्याला कळतो. कोपीपर्यंत एक दिवा नेणे, मुलाला चार महिन्यांपुरते गावच्या शाळेत बसवणे, आजारी बाईला मोटारसायकलवरून दवाखान्यात सोडणे, यांना पावती फाडावी लागत नाही.

तेव्हा जीर्णोद्धार समितीपुढे एक सूचना आहे. मंदिराला पाण्याची टाकी होणारच असेल, तर तिचा एक नळ आवाराच्या भिंतीबाहेर, रस्त्याच्या अंगाला काढावा, म्हणजे पायातले काढण्याचा किंवा आत यावे की नाही हा संकोच कुणाला पडणार नाही. उसाच्या गाड्या याच रस्त्याने जातात. बैलांसाठी खाली एक दगडी डोणी बसवावी. गवंडी अजून गावातच आहेत. उन्हाळ्यात ती डोणी रोज कोणत्या आळीने भरायची, याची पाळी मात्र आज सभा उठण्यापूर्वी ठरावी.