शालेय यंत्रमानव संघासाठी निधी : मागावा कसा, जपावा कसा

(शिक्षक, पालक व ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वरकरणी पैशाचा आहे. परंतु त्याचा खरा संबंध आहे तो मुलांना मिळणाऱ्या न्यायाशी. म्हणून आरंभीच माझ्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. एका गावातील माध्यमिक शाळेच्या मुलांनी एक यंत्रमानव तयार केला आणि परराज्यातील स्पर्धेसाठी त्यांची निवड झाली. प्रवासखर्चासाठी दर विद्यार्थ्यामागे समान वर्गणी ठरविण्यात आली. गाडी सुटण्याच्या दिवशी एक मुलगी आली नाही. 'तिला बरे नाही', एवढाच निरोप घरून आला. तिचे वडील होडीवर जाणारे. ते दिवस पावसाळ्यातील मासेमारी बंदीचे होते. यंत्र चालविणारी आज्ञावली तिनेच लिहिली होती. स्पर्धेत यंत्र मध्येच अडले, आणि ते का अडले हे उमगणारे तेथे कोणीही नव्हते. त्या मुलीला कोणी वगळले नव्हते; वगळले ते वर्गणीच्या आकड्याने.

संघात कोण असावे हे पालकांच्या खिशावरून ठरू नये, यासाठी निधी उभारावयाचा असतो. बाकी सर्व गोष्टी या एका हेतूच्या मागून येतात.

आपल्या राज्यात या विद्येस प्रतिकूल वातावरण नाही. गोवा शासनाने २०२१ साली शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची योजना सुरू केली. केंद्राच्या नीती आयोगाने त्याआधी, २०१६ पासून, अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना हाती घेतली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या योजनेत निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. यातील मर्म ध्यानात घ्यावे. १० लाख उभारणीसाठी आणि तितकेच १० लाख पुढील पाच वर्षांपर्यंत प्रयोगशाळा चालविण्यासाठी, अशी ती विभागणी होती. आपण मात्र यंत्रसामग्रीपुरते मागतो आणि चालविण्याचा खर्च विसरतो. मग पहिल्या वर्षी बॅटरी निकामी होते आणि दुसऱ्या वर्षी सारे साहित्य कुलूपबंद कपाटात जाते.

प्रथम अंदाजपत्रक

पत्र लिहिण्याआधी अंदाजपत्रक तयार करावे, आणि ते मुलांनीच करावे. समजा, संघात दहा विद्यार्थी व दोन शिक्षक आहेत. यंत्रसंच ४५,००० रुपये, सुटे भाग व बॅटऱ्या ८,०००, सरावाचे टेबल ४,०००, स्पर्धेचे प्रवेशशुल्क १०,०००, प्रवास २४,०००, निवास-भोजन ९,०००. एकूण एक लाख. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या शाळेचे आकडे दुकानदारांकडून दरपत्रके मागवूनच घालावेत. अंदाजाने फुगविलेला आकडा अनुभवी अधिकारी चटकन ओळखतो.

त्याखाली जमेची बाजू लिहावी. पालक-शिक्षक संघाने १०,००० दिले, शाळेच्या नाट्यप्रयोगाच्या स्मरणिकेतील जाहिरातींतून २०,००० आले. म्हणून मागणी ७०,००० रुपयांची. गावाने आपला वाटा आधी उचलला आहे, हे दिसले म्हणजे बाहेरचा दाता विश्वासाने पुढे येतो. जत्रेच्या नाटकासाठी घरोघर फिरून, पावती फाडून, पै-पैचा हिशेब फलकावर लावणाऱ्या आपल्या गावांना ही विद्या नवी नाही. तीच शिस्त येथे लावावयाची आहे.

कोणाकडे काय मागावे

प्रत्येक दाराशी एकच पत्र नेणे ही मोठी चूक होय. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. शिक्षणाचा त्यात समावेश आहे. कंपनी जेथे काम करते त्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. म्हणून दूरच्या नामांकित कंपनीपेक्षा आपल्या तालुक्यातील औद्योगिक वसाहतीकडे प्रथम पाहावे.

येथे दोन मर्यादा जाणून घ्याव्यात. मुलांच्या सदऱ्यावर नाव छापून प्रसिद्धी मिळविण्यासाठी दिलेली रक्कम या सामाजिक खर्चात धरता येत नाही. ती कंपनीच्या जाहिरात खात्यातून मागावी. तसेच, परदेशात केलेल्या कार्यावरील खर्चही यात बसत नाही. त्यास असलेला अपवाद खेळाडूंच्या प्रशिक्षणापुरता आहे. तेव्हा परदेशी स्पर्धेचे विमानभाडे या निधीतून मागणे व्यर्थ होय. शाळेतील साहित्य व प्रशिक्षण यांसाठी मात्र तो अवश्य मागावा. शाळा चालविणाऱ्या संस्थेची त्यासाठी आवश्यक असलेली नोंदणी झालेली आहे काय, हे लेखापालाकडून आधीच पाहून घ्यावे.

शासकीय व अनुदानित शाळांना केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या विद्यांजली योजनेत आपल्या गरजा नोंदविता येतात. २०२१ साली नव्या रूपात आलेल्या या योजनेतून वस्तूच नव्हे, तर जाणकाराचा वेळही मागता येतो. गावातील गॅरेजवाला, वीजतंत्री, निवृत्त अभियंता यांनी आठवड्यातून दोन तास दिले, तर तेही दानच आहे. त्याची नोंद अंदाजपत्रकात आदराने व्हावी.

पत्र कसे असावे

'आमची शाळा गरीब आहे, तरी उदार अंतःकरणाने मदत करावी', असे पत्र वाचून दया येते, विश्वास येत नाही. पत्र दोन पानांचे असावे आणि त्यात सहा प्रश्नांची उत्तरे क्रमाने यावीत : आम्ही कोण, गरज कोणती, काय करणार, किती खर्च येणार, स्पर्धेनंतर शाळेत व गावात काय उरणार, आणि हिशेब केव्हा देणार. पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. 'या संचावर दरवर्षी आठवीची मुले शिकतील आणि आमचा संघ शेजारच्या दोन प्राथमिक शाळांत जाऊन प्रात्यक्षिके दाखवील', असे लिहिता आले पाहिजे. आणि लिहिले ते पाळले पाहिजे. अमेरिकेत डीन केमेन यांनी १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली. तिची शालेय यंत्रमानव स्पर्धा १९९२ साली २८ संघांनिशी सुरू झाली. त्या संस्थेच्या स्पर्धांत यंत्राबरोबरच संघाने समाजाशी नाते कसे जोडले, याचाही परीक्षक विचार करतात व त्यासाठी पारितोषिके देतात. तेव्हा हे काम यंत्राबाहेरचे आहे, असे कोणी समजू नये.

पत्राचा मसुदा विद्यार्थ्यांनी लिहावा, शिक्षकांनी तपासावा आणि सही मुख्याध्यापकांची असावी. नकार आला, तरी आभाराचे पत्र जावे व नकाराचे कारण नम्रपणे विचारावे. ते कारण पुढील अर्जाचा पहिला धडा असतो.

पैसा आल्यानंतर

सर्व रक्कम संस्थेच्या बँक खात्यातच जमा व्हावी. शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यात कदापि नव्हे, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो. पात्र संस्थेस दिलेल्या देणगीवर दात्यास आयकरात सवलत मिळू शकते. पण दोन हजारांवरील रोख देणगीस ती मिळत नाही, हे दात्याला आधीच सांगावे. प्रत्येक खर्चाची पावती जपावी, प्रत्येक वस्तू साठा नोंदवहीत चढवावी आणि ठरलेल्या मुदतीत उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे. सोबत मुलांच्या हस्ताक्षरातील एक पानाचा वृत्तांत असावा. त्यात हरल्याचेही लिहावे. दाता हरण्याने नाराज होत नाही. नाराज होतो तो मौनाने.

शेवटी, खर्चाच्या यादीत पहिली ओळ कोणती असावी, याविषयी माझा आग्रह आहे. 'ज्यांना वर्गणी देणे शक्य नाही अशा विद्यार्थ्यांचा संपूर्ण खर्च', ही ती ओळ. तो कोणाचा, हे मुख्याध्यापकांखेरीज कोणास कळू नये. मी सांगितलेल्या त्या शाळेने पुढील वर्षी हेच केले. गाडी सुटली तेव्हा ती मुलगी खिडकीशी बसली होती आणि तिच्या मांडीवर संघाची हिशेबवही होती.

आपल्या गावच्या गाडीतही एकही जागा पैशाअभावी रिकामी राहू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.