हातच्या विद्येचा मान
(कोंढा येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार पाहून आम्हांस आनंद झाला. परंतु ज्याचे गुण परीक्षेच्या कागदावर उमटत नाहीत, अशा एका कारागिराचे स्मरण आज करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांचे शालेय शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत झाले होते. तथापि १९४९ साली त्यांनी दोन माणसांची लहान मोटार तयार केली आणि पुढे अनेक वर्षे तीत सुधारणा करीत ‘मीरा’ ही गाडी घडविली. मध्यम स्थितीच्या कुटुंबास परवडावी म्हणून तिची किंमत सुमारे १२,००० रुपये योजिली होती. महायुद्धानंतर जर्मनीतही अशा चिमुकल्या मोटारी हजारोंनी निघाल्या. परंतु त्यांच्यामागे मेसरश्मिटसारख्या विमाने बांधणाऱ्यांचे नाव होते. इकडे मोटार-उत्पादनास सरकारी परवाना लागे, भांडवलही मोठे लागे. ‘मीरा’ नमुन्यापुढे गेली नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची लहान मोटार रस्त्यावर आली, ती जपानच्या सुझुकीच्या साहाय्याने.

कर्तृत्व कोणा एका ज्ञातीचे नसते. त्याची उपेक्षा मात्र घरोघरी होते. भंडाऱ्याची पितळी भांडी ज्या हातांनी नावारूपास आणली, ते हातही पदवीधरांचे नव्हते. म्हणून आमची विनंती एवढीच, की शिष्यवृत्ती-निधीतील काही वाटा आयटीआयमध्ये वा कारखान्यात हुन्नर शिकणाऱ्या मुलामुलींसाठी राखावा, आणि पुढील वर्षी त्यांनाही याच व्यासपीठावर मानाने बोलवावे.