ताडोब्यास जाताना : कॅमेरा, कार्ड आणि धूळ



पगारवाढ आणि बोनस यांवर बोलणाऱ्या माणसाला आज वाघाचे फोटो काढण्याच्या सामानावर बोलावयास उभे केले आहे, याचे पुष्कळांस नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटापाशी. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि चुकलेल्या माणसास बोलण्याचा थोडा अधिकार असतो.

आमचे एक सभासद भुयारी कोळसाखाणीतून निवृत्त झाले. ताडोबा चंद्रपूरच्या उशाशी, पण त्यांची सारी नोकरी जमिनीखाली गेली. वाघ पाहिला नव्हता. आम्ही वर्गणी काढून मोहर्ली फाटकातून सकाळची एक फेरी ठरविली. त्यांच्या मुलाने आपला कॅमेरा दिला. कार्ड आणण्याचे काम आमच्याकडे आले. १२८ जीबीचे कार्ड एका दुकानी निम्म्या किमतीत मिळाले, ते घेतले. पावती मागितली नाही. पगारपत्रक हाती आल्याशिवाय सही करू नका, असे आयुष्यभर दुसऱ्यांस सांगणारे आम्ही!

वाघीण दिसली, पाणवठ्यावर, दोन बछड्यांसह. गृहस्थांनी दोनशेवर फोटो काढले. घरी बायको गुडघ्यांनी अधू, जिप्सीत चढणे तिला शक्य नव्हते. सारे तिच्यासाठी चालले होते. संध्याकाळी कार्ड उघडले तर पहिले साठ-सत्तर फोटो नीट, आणि पुढे नुसती नावे. त्या पहिल्या साठ-सत्तरांत चितळ होते, माकडे होती. वाघीण पुढे होती.

असे का होते, ते आम्ही नंतर शिकलो. बनावट कार्डाच्या आतला नियंत्रक कॅमेऱ्याशी खोटे बोलतो. जागा असते थोडी, सांगतो १२८. जागा भरली की पुढचे लिखाण हवेत जाते किंवा जुन्यावर चढते, आणि कॅमेऱ्यास त्याचा पत्ता नसतो. दुकानात हे ओळखता येत नाही. म्हणून नवे कार्ड पावतीनिशी घ्यावे, घरी आणून काठोकाठ भरावे, संगणकावर उतरवून अगदी शेवटचा फोटो उघडून पाहावा. एक संध्याकाळ जाते, एवढेच.

ही स्मृती ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याची हकीकत आमच्या धंद्यातली आहे, म्हणून सांगतो. फुजिओ मासुओका या जपानी अभियंत्याने तोशिबा कंपनीत नोकरीवर असताना १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृतीचा शोध लावला. मोबदला योग्य मिळाला नाही म्हणून २००४ साली ते कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. मागणी १०० कोटी येनांची होती. २००६ साली ८ कोटी ७० लाखांवर तडजोड झाली. असो.

आता वेगाचे. कार्डावर ठळक अक्षरांत १७० किंवा २०० मेगाबाइट छापलेले असते, तो वाचण्याचा वेग. आपणांस हवा लिहिण्याचा, आणि तो लहान अक्षरांत सापडतो. 'व्ही ३०' याचा अर्थ सेकंदास निदान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक रॉ फोटो २५ ते ३० मेगाबाइटचा असतो. वाघ रस्ता ओलांडताना सेकंदास दहा फोटो उडविले तर हिशेब जवळजवळ ३०० वर जातो. खाणीत काम केलेल्यांस हे चटकन कळेल : वरून कोळसा भराभर पडतो आहे आणि खालचा पट्टा हळू चालतो आहे; बंकर भरला की काम थांबते. तसा कॅमेरा ऐन वेळी मुका होतो. महाग कार्ड परवडत नसेल तर तीन-तीन फोटो काढून बोट उचलावे, किंवा जेपेगमध्ये काढावेत. आम्ही तेच करतो.

एकच मोठे कार्ड नको. ६४ जीबीची दोन-तीन असावीत. एकेकात दोन हजारांच्या आसपास रॉ फोटो मावतात, आणि एक बिघडले तरी सारी सहल बुडत नाही. जागा करण्यासाठी जिप्सीत बसून फोटो पुसू नयेत. हिसक्यात भलताच पुसला जातो. पुसला गेलाच तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढू नये, म्हणजे तो परत मिळण्याची आशा राहते. गाभा क्षेत्रात मोबाइल वापरण्यास मनाई आहे, तेव्हा फोनच्या भरवशावर जाऊ नये. मंगळवारी फाटक बंद असते, हेही जाता जाता.

आमच्याकडचा उन्हाळा आपण जाणता. पंचेचाळीस अंशांना कार्ड भीत नाही. बॅटरी आणि माणूस भितात. खरी वैरीण धूळ. पुढची गाडी गेली की लाल धुरळा श्वासात जातो तसा कॅमेऱ्याच्या पोटात जातो, म्हणून भिंग आत गेल्यावर बदलू नये. शंभर ते चारशे मिलिमीटरचे एकच भिंग लावून बसावे आणि कॅमेऱ्यावर ओला नव्हे, कोरडा पंचा टाकावा. तिपाई जिप्सीत निरुपयोगी. रिकामी कापडी पिशवी न्यावी, गावात दोन किलो तांदूळ घेऊन भरावी, गाडीच्या दांडीवर ठेवून तिच्यावर भिंग टेकवावे. परतताना तांदूळ शिजविता येतो. गडचिरोलीकडे, कमलापूरचे हत्ती पाहावयास किंवा भामरागडास जाणाऱ्याने मात्र सारे घरूनच न्यावे. वाटेत कार्ड मिळेल असे धरून चालू नये.

आणखी एक कार्ड याच जंगलात आहे, ते आपणांस दिसत नाही. झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या कॅमेऱ्यातले. २०१८ च्या व्याघ्रगणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते. त्यांत ३ कोटी ४८ लाखांवर फोटो निघाले आणि त्यांपैकी वाघाचे ७६,६५१. त्या प्रत्येक कॅमेऱ्यापर्यंत कोणीतरी पायी गेले होते. आपण जिप्सीतून उतरू शकत नाही. वनरक्षक आणि रोजंदारीचे वनमजूर पायीच हिंडतात. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात गणनेच्या कामावर पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. आपला वाटाड्या 'आता पुढे नको' म्हणाला, तर चांगल्या फोटोसाठी त्याच्याशी वाद घालू नये.

आमच्या त्या सभासदांना पुढच्या हिवाळ्यात पुन्हा नेले. या वेळी कार्ड पावतीचे होते, भरून तपासलेले. वाघ दिसला नाही. रानगवा दिसला, रानकुत्री दिसली, तळ्याच्या काठी मगर दिसली. फोटो सगळे उघडले. बाईंनी ते दोनदा पाहिले, आणि वाघिणीचे पहिले कार्ड अजून आमच्याकडे आहे काय, असे विचारले. आहे.