खाजेचा सांगावा

सत्तरी ओलांडलेल्या आजोबांच्या अंगाला खाज सुटते. साबण बदलून होतो, खोबरेल चोळून होतं, शेजारचं कुणी ‘उष्णता आहे’ म्हणून जातं. दोन-तीन महिन्यांनी मांड्यांवर, पोटावर पाण्याने टम्म भरलेले फोड उठतात आणि घरात कुजबुज सुरू होते : नागीण! नागीण बहुधा एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. हे फोड दोन्हीकडे येतात. हा बुलस पेम्फिगॉइड. तो संसर्गाने पसरत नाही, तेव्हा नातवंडांना खुशाल मांडीवर घ्यावं.

१९५३ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लीव्हर यांनी हा आजार पेम्फिगस या फोडांच्याच दुसऱ्या आजारापासून वेगळा काढला. त्वचेचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणारं बीपी-१८० नावाचं प्रथिन आहे. शरीर त्याच्यावरच प्रतिपिंडं सोडतं, धरलेलं सुटतं आणि मधे पाणी भरतं.

पण मग फोडांच्या आधी महिनोन्‌महिने खाज का? तर पेशी एकमेकींना सांगावे धाडत असतात. सायटोकाइन म्हणतात ते हेच. इंटरल्यूकिन-४ आणि १३ प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना फूस लावतात. पाच नंबरचं इंटरल्यूकिन इओसिनोफिल पेशींची फौज उभी करतं. त्या त्वचेत घुसून धुमाकूळ घालतात. एकतीस नंबरचं तर थेट मज्जातंतूंनाच डिवचतं. म्हणूनच अ‍ॅलर्जीच्या साध्या गोळीला ही खाज दाद देत नाही.

स्टिरॉइड हे सगळेच सांगावे दाबतं, हवे ते आणि नको तेही. मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. जून २०२५ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळालेलं डुपिलुमॅब चार आणि तेरा या दोघांचाच निरोप पेशीच्या दारात अडवतं. युक्ती सुरेख, किंमत मात्र डोळे पांढरे करणारी. मला अजून भरवसा वाटतो तो क्लोबेटासॉल या स्टिरॉइडच्या मलमाचा. फोड अंगभर पसरले असले, तरी हे मलम पोटात घ्यायच्या स्टिरॉइडपेक्षा सरस ठरतं, असं २००२ मध्येच फ्रान्समधल्या डॉक्टरांनी दाखवलं. फक्त रोज अंगभर चोळायला घरात कुणाला तरी वेळ हवा.

आणि दवाखान्यात येताना मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर आणा. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिप्टिन’ येतं, त्या गोळ्यांनी काहींच्या बाबतीत हा आजार सुरू होतो. मनाने बंद करू नका. पाकीट टेबलावर ठेवा, एवढंच.