डोकं आहे, पण लक्ष नाही

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेच्या पालकसभेत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "पोरगं हुशार आहे हो, डोकं आहे, पण लक्ष नाही." गुरुजी तक्रार सांगतात, माय मान खाली घालते, आणि संध्याकाळी घरी लेकराच्या पाठीत धपाटा बसतो. दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा तेच.

अशा मुलाची गणिताची वही एकदा शांतपणे उघडून बघावी. फळ्यावर 12 उदाहरणं दिलेली असतात. पहिली चार अचूक. पाचव्यात हातचा राहिला, सहावं अर्ध्यावर सोडलं आणि पुढच्या कोऱ्या जागेत ट्रॅक्टरचं चित्र. बेरीज येते, याचा पुरावा पहिल्या चार उदाहरणांत आहे. अडतंय ते चिकाटीने तिथे थांबण्यापाशी, आणि ते धपाट्याने येत नाही.

डॉक्टर या अडचणीला एडीएचडी म्हणतात. लक्ष टिकत नाही, हातपाय स्वस्थ राहत नाहीत, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर तोंडातून निघून जातं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 सालीच अशा मुलांचं वर्णन केलं होतं, तेव्हा हे मोबाइलने आणलेलं नवं खूळ नव्हे. मेंदूच्या वाढीतला हा फरक आहे आणि बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला असतो. जगभरात 100 मुलांमागे साधारण पाच जणांना तो असतो. म्हणजे 40 मुलांच्या वर्गात एखाददुसरं लेकरू असणारच. त्यातल्या मुली तर नजरेतून सुटतातच. त्या दंगा करत नाहीत. खिडकीबाहेर बघत गप्प बसतात आणि "अबोल आहे" एवढ्या शेऱ्यावर वरच्या वर्गात जातात.

पण लक्ष नसणारं प्रत्येक मूल एडीएचडीचं नसतं. ही लक्षणं 12 वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकलेली, आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसलेली. निदानाआधी कान आणि डोळे तपासायचे, रक्त कमी आहे का ते बघायचं, झोप पुरी होते का विचारायचं. काही मुलं क्षणभर टक लावून हरवल्यासारखी बघतात. तो फिटचाही एक प्रकार असू शकतो. आणि आपल्या भागातलं एक कारण तर कोणत्याही रक्ततपासणीत सापडणार नाही. दिवाळीच्या सुमारास आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेलं लेकरू उन्हाळ्याच्या तोंडावर वर्गात परततं, तेव्हा फळ्यावरचं त्याला कळतच नसतं. त्याला बुडालेला अभ्यास भरून द्यायला हवा, आजाराचं नाव नको. उलटंही घडतं : "हे तर तोडीवरचं पोरगं" म्हणून खरी अडचण असलेल्या मुलाकडे कुणी बघत नाही.

तपासणीची वाट शाळेतूनच सुरू होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येणं अपेक्षित असतं. ज्या बाबी तपासायच्या त्यांत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही आहेत. मात्र उंची-वजन मोजताना पाच मिनिटांत कुणाचंही लक्ष पळालेलं दिसत नाही. म्हणून वर्गशिक्षकांनी आधीच नाव काढून ठेवावं आणि सोबत आपलं निरीक्षण लिहून द्यावं. निदान करणाऱ्या डॉक्टरांनाही शिक्षकांचा कागद लागतोच, कारण दवाखान्यातल्या खुर्चीवर नवखं लेकरू बरेचदा शहाण्यासारखं बसतं.

आता कायद्याचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी मात्र स्वतंत्रपणे नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने 1991 मध्येच अशी मुलं शाळेच्या मदतीला पात्र ठरू शकतात, असं स्पष्ट केलं होतं. आपल्या यादीतली ही उणीव मोठी आहे आणि ती भरून निघायला हवी. तिच्यामुळे नुसत्या एडीएचडीच्या निदानावर प्रमाणपत्र मिळवताना पालकांची दमछाक होते. त्यापायी कित्येक घरं "आधी सर्टिफिकेट येऊ द्या" म्हणत वर्षं घालवतात.

वर्गातल्या मदतीला प्रमाणपत्र लागत नाही. पुढच्या बाकावर, दारापासून लांब बसवायला कोणाची मंजुरी हवी? 12 उदाहरणं एकदम देण्याऐवजी चार-चार करून द्यायची. सूचना एका वेळी एकच, आणि ती त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. मध्येच हजेरीपट कार्यालयात पोचवायला किंवा खडू आणायला पाठवायचं. हलण्याची गरज कामातून भागते. मारणं तर सोडाच, मानसिक छळही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केला आहे. आणि कलम 16 मुळे आठवी पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. "याला दुसरीकडे घाला" असं कोणी म्हटलं, तर पालकांनी हे कलम शांतपणे सांगावं.

बोलणं विरून जातं, म्हणून मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्यावा. भाषा साधी : "माझ्या मुलाचं लक्ष टिकत नाही, काम अर्धवट राहतं. त्याला पुढे बसवावं, काम थोडं थोडं द्यावं, आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना त्याला बघायला बोलवावं, ही विनंती." दोन प्रती करायच्या, एकीवर पोच घ्यायची. लिहिता येत नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या पालकाची मदत घ्यावी. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

चांगला गुण येतो तो रोजच्या नोंदकार्डाने. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तीनच गोष्टी : हात वर करून बोलला, दिलेली चार उदाहरणं पुरी केली, दप्तर भरून नेलं. प्रत्येक जमलेल्या गोष्टीपुढे शाळा सुटताना बाईंनी चांदणी काढायची. मायला वाचता येत नसलं तरी चांदण्या मोजता येतात. दोन चांदण्या आल्या की त्याच संध्याकाळी बक्षीस : बाबांसोबत गाडीवरून एक चक्कर, नाहीतर आवडीची गोष्ट. बक्षीस आठवड्यावर ढकललं की कार्डाचा जोर जातो, कारण या मुलांना दूरचा लाभ ओढत नाही. आणि वर्गात झालेल्या चुकीची शिक्षा घरी पुन्हा द्यायची नाही.

औषधांचा निर्णय बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा. अगदी लहान, शाळेआधीच्या वयात आईबापांना वागणुकीचं प्रशिक्षण देणं हा पहिला उपाय मानतात. मोठ्या मुलांना गोळ्यांचा चांगला उपयोग होऊ शकतो. शेजाऱ्याच्या मुलाची गोळी मात्र आपल्या मुलाला देऊ नये.

अनेक मुलांत एडीएचडीच्या जोडीला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमताही असते, आणि ती 21 प्रकारांत आहे. वय 8 झालं, अक्षरं अजून उलटसुलट होतात, तर तिची वेगळी तपासणी मागावी. तिचं प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या पेपरला दर तासामागे 20 मिनिटं जास्त मिळतात. या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे जातो. परीक्षेच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा नववीतच कागद हाती असावेत.

वसमत असो की सेनगाव, कळमनुरी असो की औंढा, कोणाशी बोलावं हे सुचत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक फिरवावा. तो रात्रंदिवस सुरू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आणि मुख्याध्यापकांना द्यायचा तो अर्ज, पालकांनो, याच आठवड्यात लिहा.