संरक्षण साहित्याचे उत्पादन, निर्यात आणि शासनाची नोंदवही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



साहित्य, नाट्य आणि संगीत यांवरील व्याख्यानांच्या पंगतीत परवाने आणि अर्ज यांचे ताट वाढावयाचे, हे जरा धाडसच आहे. परंतु जबलपूरच्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. १९०४ साली स्थापन झालेला गन कॅरेज कारखाना, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि व्हेइकल कारखाना यांच्या भोंग्यांवर येथील अनेक घरांचा दिनक्रम बेतलेला असे. त्याच घरांतील मुले आता नोकरीऐवजी स्वतःची कार्यशाळा काढू पाहतात. दोन लेथ, एक मिलिंग यंत्र आणि बँकेचे कर्ज एवढ्या भांडवलावर संरक्षण क्षेत्रासाठी काही बनवावे, जमल्यास परदेशी पाठवावे, अशी त्यांची उमेद असते. ती उमेद कायद्याच्या उंबऱ्यावर ठेचकाळू नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९४८ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रास्त्रे व दारूगोळा यांचे उत्पादन केंद्र सरकारच्या पूर्ण मक्तेदारीत ठेवले. १९५६ च्या धोरणानेही ते सरकारी क्षेत्रातच राखले. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरील परवाना पद्धती उठली, पण संरक्षण साहित्याचे दार बंदच राहिले. ते उघडले मे २००१ मध्ये. त्या वेळी खाजगी उद्योगाला परवाना घेऊन या क्षेत्रात येण्याची मुभा मिळाली आणि २६ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलास अनुमती देण्यात आली. पुढे १ ऑक्टोबर २०२१ रोजी सरकारी आयुध कारखाने सात कंपन्यांत विभागले गेले. त्यांतील म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यास आणि यंत्र इंडियाचे नागपुरास आहे. खमरिया कारखाना पहिल्या कंपनीकडे गेला. अशा रीतीने जे काम एकट्या सरकारचे होते, त्यात आज असंख्य हात गुंतले आहेत. २०१३-१४ मध्ये देशाची संरक्षण निर्यात ६८६ कोटी रुपयांची होती. २०२४-२५ मध्ये ती २३,६२२ कोटींवर गेली आणि तीतील १५,२३३ कोटींचा वाटा खाजगी उद्योगांचा होता. हात वाढले की कोणाच्या हातात काय आहे, ह्याची नोंद ठेवण्याची निकडही वाढते. नोंदणीचे मूळ कारण हेच होय.

ह्या व्यवसायाला दोन दरवाजे आहेत. पहिला उत्पादनाचा आणि दुसरा निर्यातीचा. दोहोंची कुलुपे निराळी आणि किल्ल्याही निराळ्या. बहुतेक घोटाळा हे न उमगल्यामुळे होतो.

पहिल्या दरवाजाचे नियंत्रण मुख्यतः उद्योग (विकास व नियमन) अधिनियम, १९५१ आणि शस्त्र अधिनियम, १९५९ यांनी होते. रणगाडे, चिलखती वाहने, लढाऊ विमाने, युद्धनौका, तोफा, दारूगोळा असे साहित्य बनवावयाचे तर परवाना अनिवार्य आहे. त्यासाठीचा अर्ज उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाकडे करावयाचा असतो. संरक्षण मंत्रालयाचा आणि गृह मंत्रालयाचा अभिप्राय घेऊन निर्णय होतो. बंदुका-पिस्तुलांसारख्या लहान शस्त्रांचा परवाना मात्र गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. परवाना मिळाला म्हणजे काम संपले असे नव्हे. कारखान्याची सुरक्षाव्यवस्था, गोपनीय आराखड्यांची जपणूक, माल कोणास विकावा, ह्या साऱ्यांवर अटी असतात.

कायदा केवळ जाचासाठी असतो, ही समजूत मात्र खरी नाही. शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतच घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी केलेली लाठी आणि साधी फिरावयास नेण्याची काठी शस्त्रांतून वगळली आहे. तेव्हा मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांनी निश्चिंत असावे! त्याच विवेकाने जून २०१४ मध्ये शासनाने परवाना कोणत्या संरक्षण साहित्यास लागेल याची यादी प्रसिद्ध केली. त्यामुळे घडाईची कामे, ओतीव कामे, चाचणीची उपकरणे आणि अनेक सुटे भाग यांना औद्योगिक परवान्याची गरज उरली नाही. लहान कारखानदाराला हा मोठाच दिलासा होता. ही यादी पुढेही सुधारली गेली आहे. म्हणून आपला भाग तीत आहे की नाही, हे प्रचलित यादी पाहूनच ठरवावे.

आणि नेमका येथेच पाय घसरतो. ‘बनविण्यास परवाना लागला नाही, म्हणजे विकण्यासही लागणार नाही’ असे तरुण उद्योजक गृहीत धरतो. ते साफ चूक आहे. निर्यातीच्या दरवाजावर परकीय व्यापार (विकास व नियमन) अधिनियम, १९९२ उभा आहे. आयात-निर्यात क्रमांक तर प्रत्येक निर्यातदाराला हवाच. तो विदेश व्यापार महासंचालनालयाकडून मिळतो आणि त्याची माहिती दर वर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावी लागते. पण तो क्रमांक म्हणजे केवळ नाव-पत्ता होय, अनुमती नव्हे.

अनुमतीचा प्रश्न ‘स्कोमेट’ ह्या यादीवर अवलंबून असतो. विशेष रसायने, सजीव, साहित्य, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांची ही यादी आहे. तिच्या शून्य क्रमांकाच्या वर्गात अणुऊर्जेशी निगडित वस्तू येतात आणि त्यांचा निर्णय अणुऊर्जा विभाग करतो. सहावा वर्ग लष्करी साहित्याचा आहे. त्यातील आशय २०१७ साली भरला गेला आणि त्याची अनुमती, काही अपवाद वगळता, संरक्षण उत्पादन विभाग देतो. उरलेल्या वर्गांचे काम विदेश व्यापार महासंचालनालय पाहते. लष्करी उपयोगासाठी खास योजलेला सुटा भागही सहाव्या वर्गात येऊ शकतो. म्हणजे ज्या भागाला पहिल्या दरवाजावर कोणी हटकले नाही, त्यालाच दुसऱ्या दरवाजावर थांबावे लागते.

आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. निर्यात म्हणजे केवळ बंदरातून गेलेली पेटी नव्हे. नियंत्रित वस्तूचे ड्रॉइंग ई-मेलने परदेशी धाडले, तरी ती तंत्रज्ञानाची निर्यातच ठरते. प्रदर्शनासाठी नमुना पाठविणे हीसुद्धा निर्यातच. पैसे घेतले नाहीत ही सबब चालत नाही.

अर्जासोबत खरेदीचा आदेश, वस्तूचा तांत्रिक तपशील आणि अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. माल शेवटी कोण वापरणार आणि कशासाठी, हे त्या प्रमाणपत्रात लिहून घेतात. माझ्या मते साऱ्या कागदांत हाच कागद सर्वांत मोलाचा आहे. तो का, हे एका जगजाहीर प्रकरणावरून कळेल.

ऑक्टोबर २००३ मध्ये लिबियाकडे निघालेले एक जहाज वाटेत अडवून इटलीच्या बंदरात नेण्यात आले. त्यावर अणुइंधन समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे हजारो सुटे भाग सापडले. पाकिस्तानच्या अब्दुल कादीर खान यांच्या गुप्त जाळ्यासाठी ते भाग मलेशियातील एका साध्या यंत्रकारखान्यात घडविले गेले होते. हे भाग तेल व वायू उद्योगासाठी आहेत, असा आपला समज होता, असे त्या कारखान्याचे म्हणणे पडले. विचार करा, त्या लेथवर काम करणारा कारागीर आपल्या मुलांसारखाच असेल. दिलेल्या मापाबरहुकूम चोख काम करावयाचे, एवढेच त्याला ठाऊक. भाग कोठे चालला, हे विचारण्याची पद्धतच तेथे नव्हती. पुढे एप्रिल २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १५४० क्रमांकाचा ठराव करून प्रत्येक राष्ट्रावर अशा व्यापाराला आळा घालण्याचे बंधन घातले. २००५ साली भारताने सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा स्वतंत्र कायदा केला. आता वस्तू यादीत नसली, तरी ती अशा शस्त्रांसाठी जाणार आहे असे निर्यातदाराला माहीत असेल किंवा तसे मानण्यास सबळ कारण असेल, तर ती अनुमतीवाचून पाठविता येत नाही.

अन्य देशांतही हीच दृष्टी दिसते. अमेरिकेत लष्करी साहित्य बनविणाऱ्याने, एक नगही निर्यात केला नाही तरी, परराष्ट्र खात्याकडे नोंदणी करावी लागते आणि ती दर वर्षी नवी करावी लागते. तेथेही नोंदणी झाल्याने निर्यातीचा हक्क मिळत नाही. त्यासाठी निराळा परवाना घ्यावाच लागतो. आपल्यापैकी ज्यांची मुले तेथील कारखान्यांत आहेत, त्यांनी हे त्यांना अवश्य सांगावे. नियंत्रित तांत्रिक माहिती परदेशी नागरिकाला तेथल्या तेथे दाखविणे हीसुद्धा त्या कायद्याने निर्यात ठरते.

विलंबाची तक्रार मी ऐकतो, आणि ती निराधार आहे असे म्हणत नाही. लहान उद्योजकाचा प्रत्येक महिना व्याजाचा असतो. शासनानेही काही पावले उचलली आहेत. अर्ज आता संगणकावरून होतात. ठरावीक सुटे भाग ठरावीक देशांना पाठविण्यासाठी, प्रत्येक वेळी नवा अर्ज न करता चालेल असा खुला निर्यात परवाना २०१९ पासून उपलब्ध झाला आहे. तथापि अर्धा विलंब अर्जदाराच्या अपुऱ्या कागदांत दडलेला असतो, हेही सांगितले पाहिजे.

म्हणून तरुणांना माझे सांगणे एवढेच. मागणी येताच प्रथम वस्तूचा यादीतील वर्ग पाहा आणि संशय असल्यास लेखी विचारा. ग्राहकाची चौकशी करा. जो ग्राहक अंतिम उपयोग सांगण्याचे टाळतो, रोख जादा भाव देऊ करतो किंवा माल तिसऱ्याच देशात उतरवावयास सांगतो, त्याला नम्रपणे नकार द्या. सर्व कागद किमान पाच वर्षे जपून ठेवा. नियम मोडल्यास दंड, आयात-निर्यात क्रमांकाचे निलंबन आणि प्रसंगी कारावासही होऊ शकतो. परंतु भीतीपोटी नियम पाळावेत, असे मला म्हणावयाचे नाही.

भांडे बनविणाऱ्याने भांडे विकले की त्याचा संबंध संपतो. शस्त्राचे तसे नाही. त्याचा लहानसा भागही ज्याने घडविला, त्याचा धागा तो भाग शेवटी ज्याच्यावर चालेल त्याच्यापर्यंत पोहोचतो. शासनाची नोंदवही हा धागा तुटू देत नाही. तीत आपले नाव लिहिणे म्हणजे ‘हे मी घडविले आणि ते कोठे गेले हे मी सांगू शकतो’ अशी ग्वाही देणे होय. आपल्या शहराच्या कारखान्यांतून हातांना लाभलेले कसब पुढच्या पिढीने दूरदूर न्यावे; मात्र त्यासोबत ही ग्वाहीही न्यावी.

पन्नास वर्षे ज्या मंडळाने परमुलखात आपले सण आणि आपली भाषा जपली, त्याला माझे अभिवादन.