अर्धं आईचं, अर्धं बाबांचं
(मूल येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून या मंडपात एकच खेळ चालू आहे. कुणाचा मुलगा दिसला की, "अरे, हा तर अगदी तुझ्यासारखा हसतो!" कुणाची मुलगी दिसली की, "नाक आईचं, चाल मात्र बापाची." गाव आपलं मूल आणि चर्चा मुलांची! मी आयुष्यभर रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यामुळे मला बोलायला वेगळा विषय शोधावा लागला नाही.

मेंडेल आठवतो ना? फळ्यावर चौकोन काढून सरांनी शिकवलेला, आपण परीक्षेपुरता पाठ केलेला. ब्रनोच्या मठातल्या या धर्मगुरूनं सुमारे आठ वर्षं वाटाण्याची हजारो झाडं लावली, मोजली आणि १८६६ साली निष्कर्ष छापले. जगानं दखल घेतली ती १९०० साली, त्याच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी. त्याचं सांगणं थोडक्यात असं : प्रत्येक गुणासाठी आपल्याजवळ दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. आपण आपल्या मुलाला त्या दोनपैकी एकच देतो. कोणती, ते आपल्या हातात नसतं. एखादी चिठ्ठी दुसरीच्या मागे लपते, पण पुसली जात नाही. नातवंडांत ती पुन्हा वर येऊ शकते.

सगळे गुण इतके सरळ नसतात. उंचीला, रंगाला अनेक चिठ्ठ्या लागतात, आणि उंची तर ताटातल्या जेवणावरही ठरते.

हे ज्ञान मठातच सापडतं असं नाही. आपल्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे होते. अल्पभूधारक शेतकरी, शिक्षण जेमतेम. १९८३ साली त्यांना धानाच्या बांधीत काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी ते बी वेगळं ठेवलं, वेगळं पेरलं, वर्षानुवर्षं निवडत गेले. धानाचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून निवडलेला गुण पुढच्या पिढ्यांत टिकून राहिला. त्यातून जो बारीक तांदूळ आला, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव मिळालं : एचएमटी. आज दुपारी जेवताना तो आठवा. दादाजी २०१८ साली गेले.

धानात बी निवडता येतं. माणसात तसं नसतं, आणि आता मी माझ्या खऱ्या विषयाकडे येतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल हा शब्द नवा नाही. शिकागोत जेम्स हेरिक यांनी १९१० साली पहिल्यांदा या विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचं वर्णन छापलं. भारतात त्या १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये आढळल्या. कारण एवढंसं आहे : हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एका मण्याची अदलाबदल. पण प्राणवायू कमी झाला की गोल, लवचिक पेशी धान कापायच्या इळ्यासारखी वाकते, ताठ होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. मग हाडं-सांधे असह्य दुखतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे.

मग अशी चिठ्ठी आपल्याकडेच इतकी का? उत्तर जंगलात आहे. १९५४ साली ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं, की जिच्याकडे एक चांगली आणि एक सिकलची चिठ्ठी आहे, त्या व्यक्तीला घातक मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मलेरियाच्या मुलखात ज्यांनी ही ढाल बाळगली, ते जगले. म्हणजे हा कुणाच्या जातीचा डाग नाही, कुठल्या देवीचा कोप नाही आणि मागच्या जन्माचं पापही नाही.

दोन्ही चिठ्ठ्या चांगल्या, तो ए.ए. एक सिकलची, तो ए.एस., म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो. तुमच्या-माझ्यासारखा रोवणी करतो, संसार करतो. दोन्ही सिकलच्या, तो एस.एस., म्हणजे रुग्ण.

एका तपासणी शिबिरात एक आजी मला म्हणाल्या, "सुनेनंच हे आमच्या घरात आणलं." मी कागदावर चौकोन काढला, आपल्या सरांनी काढला होता तसाच. रुग्ण नातवाकडे दोन चिठ्ठ्या आहेत. एक सुनेची, तर दुसरी कुणाची? आजी बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मग मुलाकडे बघितलं. त्या दिवशी मेंडेल मला खऱ्या अर्थानं उपयोगी पडला. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवावं. मुलगा की मुलगी, हे बापाच्या चिठ्ठीवर ठरतं.

दुसरा गैरसमज हिशेबाचा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी रुग्ण बाळाची शक्यता २५ टक्के, वाहकाची ५० आणि पूर्ण निर्दोष बाळाची २५. लोक म्हणतात, "पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली." तसं नाही. दर वेळी चिठ्ठ्या नव्यानं निघतात.

आणि हे जास्त महत्त्वाचं : वाहकाचं लग्न ए.ए. व्यक्तीशी झालं, तर एकही मूल रुग्ण होत नाही. रुग्णानं ए.ए. व्यक्तीशी लग्न केलं, तरी मुलं वाहकच होतात. मग "वाहक" शब्द ऐकून स्थळ मोडायचं कशाला? दोघेही वाहक असून लग्न करायचं ठरवलं, तर आधी समुपदेशन घ्यावं; गर्भाची तपासणीही आता होते. निर्णय त्या दोघांचा, पण तो माहितीनिशी व्हावा.

जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे लक्ष्य. चाचणीला रक्ताचे थोडे थेंब पुरतात. रुग्णांसाठी हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध आहे; नियमित उपचार आणि भरपूर पाणी यांनी दुखणं आटोक्यात राहतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराचा समावेश आहे.

मित्रांनो, आपली मुलं आता लग्नाच्या वयाला आली. आपण पत्रिका बघतो, छत्तीस गुण जुळवतो. त्याच पिशवीत रक्ताचा एक रिपोर्ट ठेवा. मुलीचा मागताना मुलाचाही द्या. रिपोर्ट लपवू नका आणि कुणाचा उघड झाला तर त्याला नावं ठेवू नका. तुमच्यापैकी बरेच जण शिक्षक आहात. वर्गात मेंडेल शिकवाल तेव्हा वाटाण्यानंतर फळ्यावर ए.एस.चा चौकोनही काढा. समोर बसलेल्यांपैकी कुणाला तरी त्याची गरज असेल.